१३७ अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे: खुब्याच्या दोन लायनरांचं प्रकरण

२००७ साली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’ या नियतकालिकात एकाच प्रयोगशाळेचे दोन लेख आले. प्रयोगशाळा न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजची. शस्त्रक्रियेत काढून टाकावे लागलेले कृत्रिम सांधे तपासणीसाठी तिथे पाठवले जातात. एका लेखात ‘क्रॉसफायर’ नावाच्या लायनरची कड ऑक्सिजनने पोखरलेली आढळली होती. दुसऱ्यात ‘लाँजेव्हिटी’ नावाच्या लायनरची कड तडकलेली होती. दोन्ही लायनर कृत्रिम खुब्याच्या वाटीत बसणारे, दोन्ही एकाच जातीच्या प्लास्टिकचे, आणि दोघांवरही जवळपास सारख्याच प्रमाणात किरणांचा मारा झालेला. मोठा फरक होता किरणांनंतर दिलेल्या उष्णतेत. क्रॉसफायर १३० अंशांच्या आसपास थांबवलेलं, लाँजेव्हिटी १५० पर्यंत नेलेलं. या प्लास्टिकचा वितळणबिंदू बरोबर मधे येतो, साधारण १३७ अंश सेल्सिअसला.

ही हकीकत बहुतेक वेळा ‘अ‍ॅनिलिंग (वितळणबिंदूच्या खाली तापवणं) की रिमेल्टिंग (त्याच्या वर नेऊन पुन्हा वितळवणं)’ अशा दोन रकान्यांच्या तक्त्यात आटोपली जाते. त्यात महत्त्वाची गोष्ट राहून जाते असं मला वाटतं. दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे तीच मोजमापं होती, दोघांचा हिशेब विचारपूर्वक केलेला होता, आणि दोघांच्याही हिशेबातून सुटली ती लायनरची कड.

आधी सांध्याची रचना. मांडीच्या हाडात एक दांडी बसवतात, तिच्या टोकाला धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो. कंबरेच्या हाडात धातूची वाटी, आणि त्या वाटीच्या आत पॉलिएथिलीनचा लायनर. गोळा या लायनरमध्ये फिरतो. लायनर वाटीतून निसटू नये म्हणून त्याच्या कडेजवळ खाचा आणि कंगोरे असतात, त्यामुळे नेमक्या त्या जागी प्लास्टिक पातळ होतं. ही बारीकशी बाब लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपणार आहे.

हे पॉलिएथिलीन रसायनाच्या दृष्टीने बाजारातल्या पिशवीचंच, पण साखळ्या अफाट लांब. त्यांचा रेणुभार काही दशलक्षांत जातो. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या आणि त्या काही वर्षांतच झिजून गेल्या. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, चार्नली बाहेरगावी गेलेले असताना, पॉलिएथिलीनचा तुकडा झिजेच्या यंत्रावर लावून पाहिला. १९६२च्या नोव्हेंबरपासून चार्नली पॉलिएथिलीनची वाटी बसवू लागले, आणि आजही जगभरच्या खुब्यांत हीच सामग्री सर्वाधिक वापरली जाते.

तिची अडचण झिजेची. लायनर पातळ होऊन भोक पडेल अशी भीती कमी, खरा त्रास झिजेच्या भुकटीचा. मायक्रॉनहून लहान कण आजूबाजूच्या ऊतींत जातात, शरीराच्या भक्षक पेशी ते गिळतात पण पचवू शकत नाहीत, आणि त्यातून सुरू झालेल्या दाहात सांध्याभोवतीचं हाड विरघळत जातं. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. बरीच वर्षं त्याचं खापर हाडात वापरल्या जाणाऱ्या सिमेंटवर फोडलं गेलं. सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही हाड विरघळताना दिसलं, तेव्हा संशय पॉलिएथिलीनवर आला. जुन्या लायनरची झीज वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर असायची. आकडा किरकोळ दिसतो, पण तेवढ्या झिजेतून दर वर्षी अब्जावधी कण सुटतात. साठीच्या वरच्या माणसाला ते कदाचित चाललं असतं. चाळिशीतल्या माणसासाठी दुसरी शस्त्रक्रिया जवळपास ठरलेलीच होती.

किरणांचा संबंध मुळात निर्जंतुकीकरणापुरता. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची २५ ते ४० किलोग्रे (किलोग्रे म्हणजे वस्तूत शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली की बंद पाकिटातली वस्तू निर्जंतुक होते. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून हेच काम करतो. सुया, कापूस, टाके घालायचा धागा अशा वस्तूंना गॅमाने काही बिघडत नाही. पॉलिएथिलीनचं बिघडतं, आणि लगेच बिघडत नाही म्हणून ते समजायला दशकं लागली.

किरण साखळीवर आदळला की एखादा हायड्रोजन उडतो किंवा साखळीच तुटते, आणि मागे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन राहतो. हा झाला फ्री रॅडिकल. शेजारच्या साखळीवर दुसरा फ्री रॅडिकल भेटला तर दोघे जुळून साखळ्यांमध्ये आडवा बंध तयार होतो, यालाच क्रॉसलिंकिंग म्हणतात. त्याआधी ऑक्सिजन येऊन चिकटला तर पेरॉक्साइड बनतं, पुढे साखळी तुटते, आणि तुटताना नवा फ्री रॅडिकल जन्माला येतो. म्हणजे ही प्रक्रिया आपली आपण चालू राहते. पूर्वी सांध्याचे भाग हवा असलेल्या पाकिटात गॅमाने निर्जंतुक करून कपाटात ठेवले जात. काही भाग बसवले जाण्याआधी अनेक वर्षं तसेच पडून राहत, आणि त्या काळात ऑक्सिजन सावकाश आत शिरत असे.

अशा जुन्या भागाचा मायक्रोटोमने काढलेला काप उजेडासमोर धरला तर काय घडलं ते डोळ्यांनी दिसतं. काप साधारण २०० मायक्रॉन जाडीचा, अर्धपारदर्शक. पृष्ठभागाच्या सुमारे एक मिलिमीटर खाली, पृष्ठभागाला समांतर, पांढरट पट्टा. सगळ्यात जास्त ऑक्सिडेशन तिथे झालेलं असतं. काप दोन्ही बाजूंनी ओढला की तो त्या पट्ट्यावर तुटतो. त्याच कापातून अवरक्त किरण पाठवले तर १७२० सेंटिमीटर-व्यस्तांकाच्या आसपास ऑक्सिडेशनने तयार झालेल्या कार्बोनिल गटांचं शिखर वर आलेलं दिसतं. त्या शिखराची पॉलिएथिलीनच्या एका ठरावीक शिखराशी तुलना करून ऑक्सिडेशन इंडेक्स काढतात. गुडघ्याच्या भागांत तर या पट्ट्याजवळून वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आलेला आढळायचा. १९९० च्या दशकात कंपन्यांनी हवेच्या पाकिटातलं गॅमा सोडलं आणि नायट्रोजन, आर्गॉन किंवा निर्वात पाकिटं वापरायला सुरुवात केली. काहींनी किरणच टाळून गॅस प्लाझ्मा किंवा इथिलीन ऑक्साइड स्वीकारलं.

त्याच सुमारास संशोधकांनी किरणांकडे उलट बाजूने पाहायला घेतलं. क्रॉसलिंकिंगने साखळ्या जागच्या जागी जखडल्या तर गोळ्याच्या घासण्याने त्या सुटून येणार नाहीत. कल्पना नवी नव्हती. जपानमध्ये हिरोनोबु ओनिशी यांनी १९७१ मध्येच अतिशय मोठी गॅमा मात्रा दिलेल्या वाट्या बसवल्या होत्या आणि त्यांची झीज खूप कमी राहिली होती. पण पश्चिमेत तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९९० च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅरिस आणि ओरहून मुरातोग्लू यांनी, तर लॉस एंजेलिसमध्ये हॅरी मॅकेलॉप यांनी हा विषय पद्धतशीर हाती घेतला. सांध्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सिम्युलेटरवर, दिसलं की मात्रा वाढवत नेली तर झीज भराभर उतरते आणि १०० किलोग्रेच्या आसपास उतार सपाट होतो. त्यापुढे किरणं वाढवून फारसं काही मिळत नाही. ५० ते १०० किलोग्रेचा पट्टा असा ठरला.

आता अडचण उघड होती. निर्जंतुकीकरणाच्या २५ किलोग्रेने पॉलिएथिलीन पोखरलं जात असेल, तर १०० किलोग्रेनंतर उरलेल्या फ्री रॅडिकलांचं काय करायचं? उत्तर सगळ्यांचं एकच होतं, उष्णता. किती, यावर वाट फुटली.

पॉलिएथिलीनच्या आत निम्म्याच्या आसपास भाग स्फटिकी असतो. साखळ्या घड्या घालून दहा ते पन्नास नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या करतात, आणि त्या पट्ट्यांच्या मधे विस्कळीत साखळ्यांचा भाग असतो. विस्कळीत भागात साखळ्या हलू शकतात, म्हणून तिथले फ्री रॅडिकल लवकर एकमेकांना गाठून संपतात. पट्ट्यांच्या आतले अडकून पडतात. तेच महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू पट्टीच्या कडेपर्यंत सरकतात आणि तिथे ऑक्सिजनला सापडतात. त्यांना सोडवायचं तर पट्ट्या ढिल्या करायला हव्यात.

वितळणबिंदूच्या वर नेलं की पट्ट्याच नाहीशा होतात. ओव्हनमध्ये हे घडताना पाहणं मोठं विलक्षण असतं. दुधी पांढरा ठोकळा कडेकडून आत काचेसारखा स्वच्छ होत जातो, पण वितळलेला असूनही जागेवर उभा राहतो, ओघळत नाही, कारण साखळ्या इतक्या लांब आणि गुंतलेल्या असतात की त्या वाहूच शकत नाहीत. थंड होताना दुधीपणा परत येतो, अगदी पातळ तूप थिजताना होतं तसा. वितळलेल्या अवस्थेत काही तास ठेवल्यावर फ्री रॅडिकल इतके कमी होतात की इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सच्या उपकरणाला ते सापडत नाहीत. मॅकेलॉप यांच्या पद्धतीत ५० किलोग्रे गॅमानंतर १५५ अंशांवर पूर्ण एक दिवस ठेवायचे. उष्णतेत बाहेरच्या थराचं ऑक्सिडेशन झालं तरी तो थर नंतर कातून काढून टाकला जाई. लाँजेव्हिटीत १०० किलोग्रे इलेक्ट्रॉन किरण, मग १५० अंश, आणि शेवटी गॅस प्लाझ्मा. पुन्हा किरण नाहीत.

याची किंमत थिजताना मोजावी लागते. साखळ्या आता आडव्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे पूर्वीसारख्या जाड पट्ट्यांत त्यांना घड्या घालता येत नाहीत. स्फटिकी भाग घटतो, ताकद घटते, आणि मुख्य म्हणजे भेगेला होणारा विरोध घटतो. १०० किलोग्रे देऊन पुन्हा वितळवलेल्या पॉलिएथिलीनमध्ये थकव्याची भेग सरकायला लागण्यासाठी लागणारा ताण मूळ सामग्रीच्या जवळपास निम्म्यावर येतो. हे प्रयोगशाळेत मोजलेलं होतं आणि छापूनही आलेलं होतं. म्हणजे रिमेल्टिंग निवडणाऱ्यांना त्याची किंमत माहीत होती. त्यांचा कौल असा की खुब्यातला गोळा आणि लायनर एकमेकांना व्यवस्थित बसतात, ताण मोठ्या क्षेत्रावर पसरतो, तिथे भेगेचं संकट लहान आहे. ऑक्सिडेशनचं संकट मोठं, आणि त्याचे पुरावे काढलेल्या लायनरांच्या रूपाने प्रयोगशाळांच्या कपाटांत भरलेले होते.

दुसऱ्या बाजूने युक्तिवाद असा की ताकद गमावून ऑक्सिडेशन टाळण्यापेक्षा वितळणबिंदूच्या खाली थांबावं. क्रॉसफायरमध्ये सुमारे ७५ किलोग्रे गॅमानंतर १३० अंशांवर अ‍ॅनिलिंग होतं. पट्ट्या टिकतात, साखळ्यांना बऱ्यापैकी हालचाल मिळते, बरेचसे फ्री रॅडिकल संपतात, जाड पट्ट्यांतले काही उरतात. मग लायनर कातून, नायट्रोजनच्या पाकिटात घालून, निर्जंतुकीकरणासाठी आणखी सुमारे ३० किलोग्रे गॅमा. एकूण १०५ च्या घरात.

इथे मला थांबावंसं वाटतं. क्रॉसफायरच्या पुढच्या इतिहासात सगळा दोष ‘वितळवलं नाही’ याच्या माथी मारला जातो, पण क्रम नीट वाचला तर शेवटचे ३० किलोग्रे कोणत्याही उष्णतेने हाताळलेलेच नाहीत. अ‍ॅनिलिंगने जे निस्तरलं त्यात नंतर ताजी भर पडली. नायट्रोजनच्या पाकिटात ऑक्सिजन नाही म्हणून धोका नाही, हे कपाटातल्या काळापुरतं खरं होतं. शरीरात गेल्यावर सांध्यातल्या द्रवात ऑक्सिजन विरघळलेला असतोच. शरीरातलं ऑक्सिडेशन नगण्य असेल हा त्या काळचा अंदाज होता, आणि बरेच जाणकार तो धरून चालले होते.

मग २००७ चे ते दोन लेख. क्रॉसफायरच्या काढलेल्या लायनरांत जिथे गोळा घासतो त्या भागात ऑक्सिडेशन कमी होतं, कडेला जास्त. काहींच्या कडेत पृष्ठभागाखाली तोच जुना पांढरा पट्टा. फिलाडेल्फियात स्टीव्हन कुर्ट्झ यांच्या गटालाही हीच मांडणी दिसली होती. कारण पटण्यासारखं आहे. गोळा जिथे टेकलेला असतो तिथे द्रवाला वाट नाही. कड मात्र द्रवात उघडी पडलेली असते, ऑक्सिजन तिथे मोकळेपणी पोचतो. झीज गोळ्याखाली मोजायची आणि ऑक्सिडेशन कडेला होणार, अशी ही विभागणी. सिम्युलेटरवर वर्षांचं चालणं भरून काढणाऱ्या चाचण्यांना ती दिसणं शक्य नव्हतं, कारण चाचणीचा सगळा डोळा गोळ्याखालच्या पृष्ठभागावर होता.

लाँजेव्हिटीच्या लेखात चार लायनर होते, बसवल्यापासून ७ ते २७ महिन्यांत निकामी झालेले. त्यांची कड, जिथे वाटीत अडकवण्याची खाच आहे नेमकी तिथे, तडकली होती. लेखकांनी तीन गोष्टी एकत्र मांडल्या: कडेला प्लास्टिक पातळ, वाटी जास्त उभी बसवलेली, आणि सामग्रीची बदललेली ताकद. वाटी उभी असली की गोळ्याचा भार लायनरच्या मध्यावर न पडता कडेकडे सरकतो. ताण पसरतो हा जो रिमेल्टिंगवाल्यांचा आधार होता, तो नेमका तिथे निखळतो. एका पातळ, खाचेच्या जागेवर, भेगेला निम्मा विरोध करणारी सामग्री आणि दर पावलाला येणारा भार.

या चार लायनरांवरून लाँजेव्हिटी वाईट ठरवणं अन्यायाचं होईल. त्याच काळात हजारो खुबे त्यावर नीट चालत होते. क्रॉसफायरच्या बाबतीतही कडेला ऑक्सिडेशन झालेले लायनर बहुतांशी दुसऱ्याच कारणांनी काढलेले होते, आणि दहा वर्षांच्या पाहण्यांत त्याची झीज जुन्या पॉलिएथिलीनच्या मानाने फारच कमी निघाली. पण अपवादांना इथे वजन आहे. सामग्री एकट्याने कधीच तुटत नाही. ती तुटते एका विशिष्ट आकारात, विशिष्ट कोनात बसवलेली असताना. सुजाण सर्जन वाटी ४० ते ४५ अंशांत बसवायचा प्रयत्न करतो हे खरं, पण जुनं हाड, वाकडी कंबर, आधीची शस्त्रक्रिया यांत तो कोन नेहमी साधत नाही. त्या न साधलेल्या कोनातही तग धरेल अशीच सामग्री लायनरसाठी निवडायला हवी. प्रयोगशाळेतला वाटीचा आदर्श कोन हा निवडीचा निकष असू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘वितळवलं की ऑक्सिडेशनचा प्रश्न संपला’ ही खात्रीसुद्धा तीन वर्षांत डळमळली. २०१० मध्ये त्याच नियतकालिकात डार्टमथच्या गटाने पुन्हा वितळवलेल्या लायनरांतही शरीरात ऑक्सिडेशन झाल्याचं दाखवलं. मुरातोग्लू यांच्या गटाने तर आपल्याच पद्धतीच्या काढलेल्या लायनरांबद्दल लिहिलं की काढताना ऑक्सिडेशन जेमतेम होतं, पण हवेत ठेवून दिल्यावर ते वाढत गेलं. ज्यात मोजण्याजोगे फ्री रॅडिकलच नव्हते त्यात हे कुठून आलं? उत्तराचा एक धागा शरीरातल्या स्निग्ध पदार्थांकडे जातो. स्क्वालीनसारखे रेणू सांध्याच्या द्रवातून पॉलिएथिलीनमध्ये शिरतात, ऑक्सिजनशी प्रक्रिया करतात आणि साखळ्यांवर नवे फ्री रॅडिकल निर्माण करतात. वारंवार पडणाऱ्या भाराचाही हात असावा असं मानलं जातं. ज्या प्रवेगित चाचणीवर, म्हणजे जुनं होण्याची प्रक्रिया मुद्दाम वेगाने घडवणाऱ्या चाचणीवर, सगळे विसंबले होते, ७० अंश, पाच वातावरण दाबाचा शुद्ध ऑक्सिजन, दोन आठवडे, तिच्यात ना स्निग्ध पदार्थ होते ना भार. वितळवलेलं पॉलिएथिलीन त्या चाचणीत उत्तम उतरायचं. चाचणी खोटी नव्हती, पण ती उत्तर देत होती ते किरणांनी मागे ठेवलेल्या फ्री रॅडिकलांपुरतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. क्रॉसफायरच्याच कंपनीने २००५ मध्ये ‘एक्स-थ्री’ आणलं, म्हणजे २००७ चे लेख येण्याच्या आधीच. त्यात एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी ३० किलोग्रे आणि अ‍ॅनिलिंग ही जोडी तीनदा. प्रत्येक वेळी साचलेले फ्री रॅडिकल पुढच्या मात्रेआधी बरेचसे निस्तरले जातात. आणि निर्जंतुकीकरण गॅस प्लाझ्माने. मी वर ज्या शेवटच्या ३० किलोग्रेवर बोट ठेवलं, ती पायरी इथे काढून टाकलेली आहे. बोस्टनकडून आलेली वाट वेगळी होती. एब्रू ओरल आणि मुरातोग्लू यांनी किरण दिलेल्या पॉलिएथिलीनमध्ये जीवनसत्त्व ई मुरवलं आणि ते आतपर्यंत पसरावं म्हणून वितळणबिंदूच्या खालीच, १२० अंशांच्या आसपास तापवलं. पट्ट्या मोडायची गरज राहिली नाही, कारण उरलेले फ्री रॅडिकल जीवनसत्त्व ई स्वतःकडे ओढून शांत करतं. अशा पॉलिएथिलीनचे लायनर २००७ पासून बाजारात आले. किरणांआधीच पॉलिएथिलीनच्या कच्च्या भुकटीत ई मिसळण्याचीही पद्धत आहे, पण तिथे ई क्रॉसलिंकिंगलाच आड येतं, त्यामुळे ई किती आणि किरण किती याचा मेळ जास्त काळजीने घालावा लागतो.

दोन्ही वाटांच्या लायनरांनी मिळून काय साधलं त्याचा चांगला आकडा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीतून मिळतो. १६ वर्षांनंतर जुन्या पॉलिएथिलीनच्या खुब्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण ११.७ टक्के होतं, क्रॉसलिंक केलेल्यांत ६.२. आपल्याकडे या फरकाला जास्त वजन आहे. पश्चिमेत खुबा बदलायची वेळ बहुधा म्हातारपणी संधिवाताने येते. भारतात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे, म्हणजे एव्हीएनमुळे, खुबा बदलावा लागणाऱ्यांत तरुण मोठ्या संख्येने असतात. पस्तिशीत बसवलेला लायनर पन्नास वर्षं टिकावा अशी अपेक्षा असते, आणि तितक्या काळाचा अनुभव या नव्या पॉलिएथिलीनला अजून नाही. त्यामुळे कडेचं ऑक्सिडेशन आज निरुपद्रवी दिसतं म्हणून ते कायम तसंच राहील, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

गुडघ्याचं गणित वेगळंच आहे. तिथे वरचा भाग आणि खालचं पॉलिएथिलीन एकमेकांना पुरते बसत नाहीत, ताण थोड्या जागेत एकवटतो, आणि काही रचनांत पॉलिएथिलीनचाच एक उभा खुंट मधे असतो, जो पाय वाकवताना भार घेतो. भेगेला विरोध घटवणं तिथे जास्त महागात पडतं. म्हणून गुडघ्यासाठी वितळवलेलं पॉलिएथिलीन वापरणाऱ्या कंपन्यांनीही मात्रा ५० ते ६५ किलोग्रेपर्यंत खाली आणली, आणि अनेक सर्जन अजूनही जुनं, निष्क्रिय वायूत निर्जंतुक केलेलं पॉलिएथिलीनच पसंत करतात. भारतात खुब्यांपेक्षा गुडघे कितीतरी जास्त बदलले जातात, त्यामुळे हा मुद्दा आपल्या घरांच्या अधिक जवळचा आहे.

लायनरच्या स्टिकरवर किती किलोग्रे आणि किती अंश हे छापलेलं नसतं. तिथे असतो मॉडेल क्रमांक आणि लॉट क्रमांक, आणि त्यावरून प्रयोगशाळा बाकीचं शोधू शकते. डिस्चार्जच्या फायलीत चिकटवलेलं ते स्टिकर म्हणून जपून ठेवावं, जमल्यास त्याचा फोटो घरातल्या आणखी कुणाकडे असावा. दहा-पंधरा वर्षांनी लायनर काढायची वेळ आली आणि सर्जन तो तपासणीला पाठवायला तयार असतील, तर काढल्याची तारीख त्यावर लिहिलेली असावी आणि तो ड्रॉवरमध्ये उघडा पडू नये. हवाबंद पाकिटात फ्रीझरमध्ये ठेवावा. नाहीतर ड्रॉवरमध्ये झालेलं ऑक्सिडेशन शरीराच्या खात्यावर जमा होतं.